अंगणाखालचा हिशेब

मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी आल्यापासून नेवासे तालुक्याचा जो प्रदेश ऊसमळ्यांनी भरून गेला, त्यातले सोनई हे एक नांदते गाव. आणि सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने जेथे बाजारपेठ आणि वस्ती वाढत गेली, तेथे शेणसड्याच्या अंगणांची जागा पेव्हिंग ब्लॉकने घ्यावी, हे कालमानास अनुसरूनच झाले. परसदारी ब्लॉक बसवू पाहणारा गृहस्थ रंगाची आणि नक्षीची चौकशी मोठ्या आस्थेने करतो, परंतु मुरूम, खडी आणि वाळू किती लागेल हा प्रश्न मात्र ट्रॉलीवाल्याच्या तोंडी अंदाजावर सोडून देतो. वास्तविक अंगण टिकणार की खचणार याचा निकाल ब्लॉकच्या खालीच लागत असल्यामुळे, हिशेबाचा आरंभही तेथूनच झाला पाहिजे.

सोनईच्या परिसरातील काळी कसदार जमीन उसाला जितकी मानवते तितकीच बांधकामाला प्रतिकूल ठरते. पावसाचे पाणी पिऊन ती फुगते, आणि वैशाखाच्या उन्हात आक्रसून तिला बोटे शिरतील एवढ्या भेगा पडतात. अशा नित्य हालणाऱ्या मातीवर नुसती वाळू पसरून ब्लॉक मांडले, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर कोठे उंचवटा तर कोठे खळगा दिसू लागतो. म्हणून वरची काळी माती उकरून काढणे, तिच्या जागी मुरमाचा थर धुमसाने किंवा रोलरने चोपून बसवणे, त्यावर बारीक चुरीसह मिश्र खडी दाबणे, मग वाळूची गादी आणि सर्वांत वर ब्लॉक, असा क्रम ठेवावा लागतो. मुरूम 6 इंच, खडी 4 इंच, वाळू दीड इंच आणि 60 मिलिमीटर जाडीचा ब्लॉक धरला, म्हणजे खोदाई सुमारे 14 इंच होते. निघालेली माती टाकाऊ समजू नये. शेताच्या बांधाआड ती पसरली तर तिचे सोनेच होते.

उदाहरणादाखल 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद, म्हणजे 300 चौरस फुटांचे अंगण घेऊ. कडेचे ब्लॉक सुटू नयेत म्हणून खालचा पाया चोहोबाजूंनी अर्धा फूट बाहेर काढावा लागतो. तेव्हा पायाचे क्षेत्र 21 गुणिले 16, म्हणजे 336 चौरस फूट भरते. अर्धा फूट जाडीच्या मुरमाचे चोपलेले घनफळ 168 घनफूट आणि 4 इंच खडीचे 112 घनफूट होते. परंतु माल विकत मिळतो तो सुटा, आणि चोपल्यावर तो दबतो, म्हणून दोहोंत चतुर्थांश वाढ धरली असता मुरूम 210 आणि खडी 140 घनफूट मागवावी लागते. आपल्याकडील व्यवहार ब्रासचा, आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. अर्थात मुरूम 2.1 ब्रास आणि खडी 1.4 ब्रास. वाळूच्या गादीचे साडेसदतीस घनफूट चतुर्थांश वाढीने 47 होतात, आणि सांध्यांत भरावयाच्या बारीक कोरड्या वाळूचे 3 मिळवले म्हणजे बरोबर अर्धा ब्रास.

हा आकडा कागदावर मांडला तरी दारात येणारी ट्रॉली किती ब्रासची, हे फीत लावून पाहिल्याखेरीज मान्य करू नये. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच ट्रॉली काठोकाठ सपाट भरली, तर तिच्यात 120 घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासालाही किंचित कमी माल मावतो. आणि ती चार बोटे रिकामी असली, तर तेवढ्या मालाचे पैसे हकनाक जातात.

वाळूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. किंचित ओल्या वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग आहे त्याहून मोठा दिसतो. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ही वाळू न दाबता 5 इंच भरावी, पाणी ओतून ती पूर्ण बुडवावी, काडीने ढवळावी आणि बसू द्यावी. ती 4 इंचांवर आली, तर चतुर्थांश फुगवटा आहे असे निश्चित समजावे. अशा वाळूच्या एका ब्रासात खरी वाळू 80 घनफूटच असते, आणि आपल्या अर्ध्या ब्रासाची गरज भागवण्यासाठी 62 घनफुटांहून थोडी अधिक मागवणे प्राप्त होते.

गादीची वाळू जाडसर असावी. मातकट वाळू किंवा क्रशरची पिठासारखी भुकटी पाणी धरून ठेवते आणि ब्लॉक डुलू लागतात. पायातील खड्डे वाळूने बुजवण्याचा मोहही कटाक्षाने टाळावा, कारण जेथे वाळूचा थर जाड, तेथेच पुढे ब्लॉक खचतो. पाण्याचा उतार मुरमापासूनच साधावा: 60 फुटांना 1 फूट या मानाने 15 फूट रुंदीत 3 इंच, आणि तोही घराच्या भिंतीपासून दूर.

या मोजमापाची आवश्यकता केवळ खिशापुरती मर्यादित नाही. गोदावरी, प्रवरा आणि मुळा यांच्या पात्रांतील वाळू पावसाचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पाझर देते. ती उपसली गेली की पात्र खोल जाते आणि विहिरी आटतात. वाळू, मुरूम आणि खडी ही तिन्ही गौण खनिजे असून त्यांच्यावर महसूल खात्याचे नियंत्रण आहे. 2023 साली शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे शासकीय वाळू डेपो सुरू झाला आणि वाळूचा दर ब्रासला 600 रुपये ठरवण्यात आला, त्यामागेही चोरट्या उपशाला आळा घालण्याचाच हेतू होता. म्हणून माल घेताना वाहतुकीचा परवाना पाहावा, पावती मागावी, आणि धुतलेली क्रश सँड चालत असेल तेथे नदीच्या वाळूचा आग्रह धरू नये. लांबी, रुंदी, जाडी आणि वाढ हे चार आकडे वहीच्या एका पानावर लिहून मगच मालाची वर्दी देणारा गृहस्थ स्वतःचा पैसा वाचवतोच, शिवाय दारात उरून पडणारी ट्रॉलीभर वाळू नदीच्या पात्रातच राहू देतो.