बिडकीनच्या वाटेवरचीं नांवें

छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्याला लागलें, कीं नक्षत्रवाडी, कांचनवाडी, चितेगांव, फारोळा अशीं गांवें मागें टाकीत आपण बिडकीनला येतों. पुढें ढोरकीन, पिंपळवाडी आणि अखेर गोदातीरींचें पैठण. घाईच्या प्रवाशाला हीं नांवें म्हणजे नुसते मैलांचे दगड; परंतु किंचित् थांबून ऐकलीं, तर त्यांत त्या भूमीचा इतिहास सांठलेला आढळतो.

पैठण हें सातवाहनांचें प्रतिष्ठान. प्राकृतांत त्याचें 'पइट्ठाण' झालें आणि लोकांच्या मुखीं झिजत झिजत 'पैठण' उरलें. पिंपळवाड्या महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. म्हणून येथील पिंपळवाडीला दप्तरांत 'पिंपळवाडी पिराची' असें म्हणतात. वृक्ष, वस्ती आणि पीर हीं तिन्ही एकाच नांवांत सुखानें नांदत आहेत! बिडकीनजवळ बन्नी तांडा व बंगला तांडा आहेत. 'तांडा' म्हणजे मुळांत बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून चालणारा बंजाऱ्यांचा काफिला. पक्क्या सडका व आगगाड्या आल्या, तो व्यापार बुडाला, बंजारे जमिनीवर स्थिरावले. आणि चालत्या काफिल्याचें नांव वस्तीला चिकटून राहिलें.

गांवाच्या पोटांतही नांवें असतात. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. त्या काळींतील शेतें घरचीं माणसें कधीं विहिरीवरून, कधीं चिंचेवरून, कधीं ओढ्यावरून ओळखतात. ही ओळख बहुतेक तोंडींच असते. सातबाराच्या उताऱ्यावर 'शेताचें स्थानिक नांव' अशी एक जागा छापलेली आहे. पण पुष्कळ उताऱ्यांवर ती कोरीच दिसते, आणि व्यवहार चालतो तो गट क्रमांकावर.

याचें एवढें अगत्य कशासाठीं, असें कोणी विचारील. बिडकीन येथें ७,८५५ एकरांचें औद्योगिक क्षेत्र उभें राहिलें असून २९ सप्टेंबर २०२४ रोजीं त्याचें लोकार्पण झालें. उद्योग यावेत, तरुणांना काम मिळावें, हें इष्टच. परंतु जेथें शेताचा भूखंड होतो, बांध मोडतो आणि विहीर बुजते, तेथें नांवाला टेंकावयास कांहीं उरत नाहीं. नांव आणि जागा यांची ताटातूट या तालुक्याला नवी नाहीं. पैठणच्या धरणाला जायकवाडी म्हणतात. पण जायकवाडी हें गांव बीड जिल्ह्यांतलें. प्रथम धरण तेथें योजिलें होतें. पुढें जागा बदलली, नांव मात्र कागदांवर कायम राहिलें.

आयर्लंडांत टाउनलँड या नांवाचे ६०,००० हून अधिक लहान भूविभाग आहेत. १८२४ सालीं तेथें मोजणी सुरू झाली, आणि नकाशांत आयरिश नांवें इंग्रजी वळणानें उतरूं लागलीं. त्याच मोजणीखात्यांतील जॉन ओडोनोव्हन हे विद्वान् १८३४ पासून गांवोगांव हिंडले आणि वृद्धांच्या तोंडून मूळ उच्चार टिपून घेऊं लागले. तीं टिपणें आज उपलब्ध आहेत, म्हणूनच विद्रूप झालेल्या कित्येक नांवांचा अर्थ पुन्हां लावतां येतो.

आपल्याला एवढा खटाटोप करावयास नको. शहरांतील पुष्कळ घरांची मुळें अजून कुठल्या ना कुठल्या शिवारांत आहेत. पुढच्या सुटींत आजोबांना किंवा आत्याबाईंना शेतांचीं नांवें विचारावीं आणि गट क्रमांकासह वहींत लिहून ठेवावीं. सातबारावरील ती कोरी जागा मग निदान आपल्या घरीं तरी भरलेली राहील.