दुकानाची गादी आणि कायद्याचा वर्ग

व्यापारी कुटुंबाची कायद्याशी पहिली ओळख बहुधा नोटिशीनेच होते. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाचा धनादेश न वटता परत येतो. ‘माणूस ओळखीचा आहे, आज ना उद्या देईल’ म्हणून तो कागद गल्ल्याच्या खणात पडून राहतो. चार-पाच महिन्यांनी वकिलाकडे गेल्यावर कळते की, धनादेश परत आल्याचे बँकेने कळविल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस देणे आवश्यक होते. तोवर धनादेशाचीही तीन महिन्यांची मुदत उलटलेली असते आणि फौजदारी तक्रारीचा मार्ग बंद झालेला असतो. दिवाणी दावा करावा, तर भागीदारी पेढीची नोंदणीच केलेली नाही, असे निघते. मग १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ आडवे येते. माल खरा, रक्कम खरी, चोपडीतील नोंद खरी. तरीही हात बांधलेले!

अशा एखाद्या प्रसंगानंतर घरात एक वाक्य हमखास उच्चारले जाते, ‘आपल्यापैकी कोणीतरी कायदा शिकायला हवा.’

हा ‘कोणीतरी’ बहुधा विशीतील विद्यार्थी नसतो. दुकान सांभाळणारा पस्तिशीतील मुलगा, खासगी कंपनीत हिशेब पाहणारी लेक किंवा बी.कॉम. होऊन बारा-पंधरा वर्षे संसारात गढलेली सून, यांपैकी कोणीतरी पुढे येते. पदवीधरांसाठी असलेल्या तीन वर्षांच्या एल्एल.बी. अभ्यासक्रमाचे दार त्यांना खुले आहे. पदवी परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण असावे लागतात. महाराष्ट्रात शासनाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. मात्र त्याआधी दहावी-बारावी रीतसर झालेली असावी, थेट प्रवेशाने मिळालेली पदवी नसावी.

‘अर्धवेळ’ या शब्दाचा अर्थ

प्रवेशाची चौकशी करताना पहिला प्रश्न असतो, ‘अर्धवेळ करता येईल ना?’ येथेच मोठा गैरसमज आहे. वकिलीची सनद ज्या पदवीवर मिळते, ती पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने मिळत नाही. सकाळचे किंवा सायंकाळचे महाविद्यालय असले, तरी अभ्यासक्रम पूर्णवेळाचाच असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार निवासी नसलेल्या संस्थेत वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेतच घेता येतात. म्हणजे दुकानाचे शटर ओढून रात्री नऊला वर्गात जाऊन बसण्याची सोय नाही.

व्यापाऱ्याला आकड्यांची भाषा लवकर कळते. म्हणून वेळेचाही ताळेबंद मांडून पाहावा. नियमानुसार आठवड्याला किमान तीस तास वर्ग होतात आणि त्यांपैकी किमान चोवीस तास व्याख्यानांचे असतात. प्रत्येक विषयात सत्तर टक्के हजेरी सक्तीची आहे. तिसांचे सत्तर टक्के म्हणजे आठवड्याला एकवीस तास. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले, तर एका सत्राला तीनशे पंधरा तास, आणि अशी सत्रे सहा! अपवादात्मक कारणासाठी एखाद्या विषयात पासष्ट टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पण तेव्हाही सर्व विषयांची एकत्रित हजेरी सत्तर टक्के भरावी लागते. याखेरीज तीन वर्षांत मिळून किमान बारा आठवडे वकिलांच्या कार्यालयात, न्यायालयात किंवा तत्सम ठिकाणी प्रशिक्षण घ्यावयाचे असते. घरचा अभ्यास यांत धरलेलाच नाही.

हा हिशेब ऐकल्यावर कोणी ना कोणी हलक्या आवाजात सुचवितो, ‘प्रवेश तर घ्या, हजेरीचे नंतर पाहून घेऊ.’ हा सल्ला साफ नाकारावा. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरीचे निर्देश महाविद्यालयांना दिले आणि विद्यार्थी नोकरीत असल्यास ते जाहीर करणेही आवश्यक केले. पण पकडले जाण्याची भीती हे यातील दुय्यम कारण होय. मुख्य कारण असे की, जो मनुष्य उद्या शपथपत्रावर ‘वरील मजकूर खरा आहे’ असे लिहून देणार, त्याच्या पदवीचा पायाच खोट्या सहीवर उभा राहू नये. ज्या पेढीत खोटी नोंद करणाऱ्या मुनिमाला दुसऱ्या दिवशी गादीवर बसू देत नाहीत, त्या पेढीच्या वारसाने हजेरीपत्रकात खोटी नोंद करावी, हे कोणत्या हिशेबात बसते?

घरचे उदाहरण

काम सांभाळून कायदा शिकण्याची परंपरा जैन समाजाला नवी नाही. १८६४ मध्ये महुवा येथे जन्मलेले वीरचंद राघवजी गांधी १८८४ मध्ये बी.ए. झाले आणि लवकरच त्यांनी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीसपद सांभाळले. त्याच काळात मुंबईत सॉलिसिटरच्या पेढीत ते कायद्याचे शिक्षण घेत होते. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कराच्या वादात त्यांनी समाजाची बाजू मांडली. पुढे सम्मेदशिखराच्या प्रकरणासाठी ते कलकत्त्यास राहिले आणि मूळ कागदपत्रे स्वतः वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले. १८९३ च्या शिकागोच्या परिषदेमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु कागद वाचण्यासाठी परकी भाषा शिकणारा हा तरुण कायद्याच्या विद्यार्थ्याने अधिक लक्षात ठेवावा. कायदा येतो तो कागदासमोर बसून. त्याला जवळचा रस्ता नाही.

घराचा वाटा

ही पदवी एकट्याच्या बळावर मिळत नाही. मुलगा सकाळी वर्गात असेल, तर दुकान उघडून दिवाबत्ती कोण करणार? सून सायंकाळी सातला वर्गातून सुटत असेल आणि घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असेल, तर तिचे जेवण कसे व्हावयाचे? चार वाजता डबा तयार ठेवणारी सासू किंवा नणंद असेल, तर हा प्रश्न प्रश्न राहत नाही. नसेल, तर पहिल्याच सत्रात उत्साह ओसरतो. मुलाच्या शिक्षणासाठी घर आपला दिनक्रम बदलते. सुनेच्या शिक्षणासाठी मात्र तिनेच ‘सगळे सांभाळून’ शिकावे, अशी अपेक्षा असते. ही दोन मापे एका तराजूत चालत नाहीत.

दिनदर्शिकाही आधीच पाहून ठेवावी. सत्रपरीक्षा सामान्यतः वर्षअखेरीस आणि उन्हाळ्यात येतात. अभ्यासाचे ऐन दिवस दिवाळीच्या हंगामाशी आणि मार्चअखेरच्या हिशेबांशी भिडतात. शिवाय दर महिन्याच्या अकरा आणि वीस तारखांना जीएसटीची विवरणपत्रे असतातच. त्या दिवसांचे काम कोणाकडे सोपवावयाचे, हे प्रवेशापूर्वीच ठरावे. काकांच्या कपाटातील जुन्या पुस्तकांवरही विसंबू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.

पदवी वेगळी, सनद वेगळी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र बहुतेकांना पदवी हाती आल्यावर कळते. पदवी घेतल्याने कोणी वकील होत नाही. त्यासाठी राज्याच्या बार कौन्सिलकडे नावनोंदणी करावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. सनद हाती आली की व्यवसायावर बंधने येतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः व्यापार करता येत नाही. व्यवसाय वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नसल्यास केवळ निष्क्रिय भागीदार राहता येते. कंपनीचा संचालक होता येते, पण कार्यकारी जबाबदारी घेता येत नाही. वडिलोपार्जित धंदा वारशाने आला असेल, तर तो चालू ठेवता येतो. परंतु त्याच्या व्यवस्थापनात जातीने भाग घेता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यालाही वकिली करता येत नाही.

याचा सरळ अर्थ असा की, गादीवर बसून काळा कोट घालता येत नाही. म्हणून घराने प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे की, पेढीसाठी कायद्याचा जाणकार हवा, की न्यायालयात उभा राहणारा वकील? जाणकार हवा असेल, तर पदवी पुरेशी आहे. करारनामा वाचणे, भागीदारीची नोंदणी करून घेणे, थकबाकीची मुदत सांभाळणे, वकिलाला नेमके कागद नेमक्या वेळी देणे, ही कामे सनदेवाचून होतात. सुरुवातीच्या उदाहरणातील तो धनादेश वाचविण्यासाठी काळा कोट लागत नव्हता. तारीख लक्षात ठेवणारे कोणीतरी हवे होते. वकील हवा असेल, तर मात्र घरातील एका कर्त्या व्यक्तीने गादी सोडावी लागेल, आणि ती रिकामी जागा कोण भरणार, याचे उत्तर आजच द्यावे लागेल.

दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. मात्र निर्णय न घेता घेतलेला प्रवेश तीन वर्षे आणि फी दोन्ही खर्ची घालतो. घरातील सर्वांनी एकत्र बसून तासांचा, माणसांचा आणि पुढील वाटेचा हिशेब एका कागदावर मांडावा, आणि तो जमला तर वयाकडे न पाहता अर्ज भरावा. चाळिशीतील विद्यार्थ्याजवळ विशीतल्याजवळ नसलेली एक पुंजी असते. करार मोडला, उधारी बुडाली, भागीदार फिरला म्हणजे काय होते, हे त्याने पुस्तक उघडण्यापूर्वीच अनुभवलेले असते.