हायड्राच्या वेळापत्रकावर

सकाळी साडेआठ. लॅब उघडली की नजर आधी हायड्राच्या खाण्यासाठी ठेवलेल्या आर्टेमियाच्या पात्राकडे जाते. काल मिठाच्या पाण्यात टाकलेली अंडी फुटलेली असतात आणि नारिंगी ठिपक्यांएवढी पिल्लं उजेडाच्या बाजूला गोळा झालेली असतात. ती ड्रॉपरने ओढायची, बारीक जाळीत गाळून मीठ जाईपर्यंत धुवायची आणि हायड्राच्या काचेच्या वाडग्यांत सोडायची. मग पात्र धुऊन उद्यासाठी नवी अंडी.

आमच्याकडे नुकत्याच पीएचडीला आलेल्या मुलीकडे सध्या हे काम आहे. नेट-जेआरएफ काढून आलेली, वाचन चांगलं. "ताई, प्रयोग कधी सुरू होणार?" तिनं विचारलं. सुरू झालाय, असं मी सांगितलं. खाण्याच्या वेळा चुकल्या की हायड्राला कळ्या येणं मंदावतं. मग दोन वाडग्यांत दिसणारा फरक आपण दिलेल्या औषधाचा की उपासाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. या कामात तिचे हात तयार झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याही निकालावर मी विश्वास ठेवणार नाही.

दहा वाजता कापणं. कालपासून उपाशी ठेवलेले हायड्रा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. काही मिलिमीटरचा प्राणी, स्पर्श झाला की आखडतो. तो पुन्हा लांब होईपर्यंत थांबायचं आणि पात्यानं मधोमध एकच छेद द्यायचा. निसर्गअभ्यासक ट्रेम्ब्लेनं 1740 साली हेगजवळ हेच केलं आणि तुकड्यांतून पूर्ण प्राणी तयार होताना पाहिला. डोकं गमावलेल्या तुकड्यावर दीड-दोन दिवसांत शुंडकांचे कोंब दिसू लागतात आणि साधारण 72 तासांत नवं डोकं तयार होतं. पेशींना आपली जागा कशी कळते, हा त्यामागचा प्रश्न आहे. ते कोंब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तिनं पुन्हा 'कधी' विचारलं नाही. आता ती 'का' विचारते.

आमच्या वाडग्यांतला हायड्रा इथलाच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2011 साली त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' हे त्याचं नाव. गावाचं नाव असलेला प्राणी गावातच अभ्यासायला मिळतो, याचा मला अभिमान आहे.

एक वाजता डबा. दुपारी जेल, पीसीआर, ऑटोक्लेव्हची रांग.

साडेतीनला आमच्या गाइड मॅडमसोबत वही. काय केलं, काय दिसलं, काय दिसलं नाही, तारखेसह. न जमलेल्या प्रयोगाचं पान फाडायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. मॅडम नव्या मुलीला सोपे प्रश्न विचारतात. किती हायड्रा घेतले? एकाच वाडग्यातले का? ज्यांना डोकं आलं नाही ते मोजले का? एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथं ते कुणालाच माहीत नसतं, आणि याची सवय व्हायला वेळ लागतो.

पाच वाजता पाणी बदलायचं. सकाळच्या जेवणाचा न पचलेला भाग हायड्रा तोंडावाटेच बाहेर टाकतो. तो राहिला तर जिवाणू वाढतात, शुंडकं आखूड होतात, वाडगाच्या वाडगा जातो. म्हणून काच बोटानं हळूच घासायची, घाण काढायची, ताजं पाणी घालायचं. गणपती असोत की दिवाळी, कुणाची तरी पाळी असतेच.

साडेसहाला कापलेल्या तुकड्यांवर शेवटची नजर, मग घर.

पुण्यात विद्यापीठ, आयसर, एनसीसीएस, आघारकर अशा अनेक ठिकाणी जीवशास्त्राच्या लॅब आहेत आणि पीएचडीसाठी जागा शोधणारी मुलं एकच पत्र सगळ्या गाइडना पाठवतात. तसं करू नका. त्या लॅबचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा आणि त्यातला तुम्हाला पडलेला एक प्रश्न पत्रात लिहा. जेआरएफला सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, पण पहिली रक्कम हातात पडायला वेळ लागू शकतो. तेवढ्या काळाच्या खर्चाची सोय आधी करा. आणि होकार देण्यापूर्वी एक अख्खा दिवस त्या लॅबमध्ये बसायची परवानगी मागा. गाइड बाहेर गेल्यावर तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला.