काकवीतील पोहणे

काकवीच्या बरणीत पळी घालून हलवून पाहा. हात थांबला की काकवीही तिथल्या तिथे थांबते. पाण्यासारखी हेलकावत राहत नाही. पुरुषबीजाला भोवतालचा द्रव असाच भासतो. द्रव काही काकवीइतका दाट नसतो; बीजच शेपटीसकट मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे! एवढ्याशा जीवाला द्रवाचा चिकटपणा क्षणभरही पुढे घसरू देत नाही.

माशासारखी शेपटी मारून इथे भागत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९६० च्या दशकातील एका चित्रपटात रबराच्या पिळावर चालणारा ताठ शेपटीचा मासा दाखवला होता. पाण्यात तो झकास पोहला, दाट पाकात मात्र जागचा हलेना. शेपटी जाताना जे कमावते, ते त्याच वाटेने परत येताना गमावते.

शेपटी लवचीक असली म्हणजे गोष्ट बदलते. मूळ हलले तरी टोक द्रवात अडून मागे रेंगाळते. जाण्याची वाट आणि येण्याची वाट एक राहत नाही. शिवाय बारीक धागा लांबीच्या दिशेने ओढण्यापेक्षा आडवा ओढायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. म्हणून शेपटीचा तिरका झालेला प्रत्येक तुकडा बाजूला सरकताना द्रवाला थोडा मागेही लोटतो, आणि बीज पुढे जाते.

पण नुसते मूळ हलवले तर लाट टोकापर्यंत पोचण्याआधीच विरेल, असे मॅचिन यांनी १९५८ साली गणिताने दाखवले. बीजाची लाट तर विरत नाही. म्हणजे जोर शेपटीभर हवा! तो देणाऱ्या प्रथिनाला १९६५ साली गिबन्स यांनी डायनीन हे नाव दिले.

काही पुरुषांत डायनीनचे हे बारीक हात जन्मतःच नसतात, असे स्वीडनच्या अफझेलियस यांना १९७० च्या दशकात आढळले. बीज जिवंत, पण निश्चल. श्वासनलिकेतील केसही तसेच निपचित, त्यामुळे लहानपणापासून खोकला, कफ. आपल्याकडे मूल झाले नाही की आधी सुनेकडे बोट दाखवतात. नवऱ्याच्या जुन्या खोकल्याची चौकशी कोण करतो? १९९२ पासून असे न पोहणारे बीजही सुईने थेट स्त्रीबीजात सोडता येते. मात्र ते जिवंत आहे ना, हे आधी पारखून घ्यावे लागते.