दाखला हातात देण्याचा अधिकार

“उद्या वडिलांना घेऊन ये आणि दाखला घेऊन जा!” ही धमकी ऐकलीच नाही असा मराठी विद्यार्थी विरळा. पण अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत पहिली ते आठवीच्या मुलाबाबत ती खरी करून दाखवायची सोयच नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १६ नं हा अधिकार काढूनच घेतला.

इंग्लंडमध्ये तो मुख्याध्यापकाकडे आहे; फक्त त्यावर तिसरा पंच बसवलेला आहे. मुलाला कायमचं काढलं की शाळेच्या नियामक मंडळाला १५ शालेय दिवसांत बैठक घ्यावीच लागते. पालक समोर बसून बाजू मांडतात, मंडळ मुलाला परत घेऊ शकतं. नाही घेतलं, तर स्वतंत्र पॅनेल. तेही निर्णय रद्द करू शकतं, पण मुलाला वर्गात परत बसवू शकत नाही. ‘पुन्हा विचार करा’ असा आदेश मंडळाला देऊ शकतं.

आपल्याकडे काढायचंच नाही, मग शाळा व्यवस्थापन समितीला काम काय उरलं? गंमत इथेच आहे! समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. १२ जणांची समिती धरा: ९ पालक, ६ बायका. या मंडळींनी गेलेल्या मुलाचा निवाडा करायचा नाही, कोण येत नाही ते शोधायचं.

कारण अकोल्यात मूल शाळेबाहेर पडतं ते बहुधा कुणाच्याही हुकमाविना. भाताची कापणी उरकली की डोंगराकडची कुटुंबं मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात. हजेरीपटावर नाव असतं, पुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग. ती रांग पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांत भरणार? शेजारच्या घराला कुलूप पाहणाऱ्या पालकाच्याच! मूल मागे राहावं म्हणून हंगामी वसतिगृह आहे, आणि ते चालवायचं याच समितीनं. मूल सोबत गेलंच, तर त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक जातं, म्हणजे तिथली शाळा त्याला आपलं म्हणून बसवून घेते.

आणि कुणी बेकायदा काढलंच तर? स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार द्यायची. दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निकाल, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे.

२०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा राज्यांना दिली, तीही पुरवणी परीक्षेनंतरच. पण काढून टाकायची मनाई जशीच्या तशी ठेवली. नववीत मात्र हे छत्र संपतं. मला ते फार लवकर संपतं असं वाटतं. पोरं बिथरतात ती नेमकी त्याच वयात.

तरी कायद्याचा एक बारकावा पाहाच. दोन-तीन हंगाम आईबापांमागे फिरून तेराव्या वर्षी परतलेली मुलगी पहिलीत नाही, वयानुरूप वर्गात बसते. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला तिला विशेष प्रशिक्षण मिळतं. आणि आठवी पुरी व्हायच्या आत चौदावं उलटलं, तरी तिचं मोफत शिक्षण थांबत नाही.