इंग्रजीचा तास कशासाठी?
अमेरिकेतील माध्यमिक शाळांत ‘लँग्वेज आर्ट्स’ या नावाने वाचन, लेखन, भाषण व श्रवण एकत्र शिकवले जाते. त्यामागील हेतूविषयी मात्र जुना वाद आहे. इंग्रजी अध्यापनावरील १९६६ च्या डार्टमथ परिषदेनंतर ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ जॉन डिक्सन यांनी ‘विकासा’ची, म्हणजे विद्यार्थ्याने स्वानुभवाला भाषेतून आकार देण्याची भूमिका मांडली, तर २०१० च्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासमानकांनी पुराव्याधारित युक्तिवादावर भर देऊन बारावीत सर्व विषयांतील मिळून ७० टक्के वाचन माहितीपर असावे असे सुचवले. हा भार एकट्या भाषाशिक्षकाच्या माथी आल्याची तक्रारही झाली, आणि ती रास्तच होती. वस्तुतः हे दोन हेतू परस्परविरोधी नाहीत: ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतील खटला वाचताना आरोपीचा डावा हात निकामी असल्याचा तपशील हेरणारा विद्यार्थी पुरावाही तपासतो आणि अन्यायाने अस्वस्थही होतो.