जुन्या मोटारीचा रेडिओ आणि खिशातला फोन

मोटार पंधरा-वीस वर्षांची झाली, तरी तिच्यात कारखान्यातूनच बसवून आलेला रेडिओ पुष्कळदा ठणठणीत असतो. फोनमधली गाणी ऐकायची म्हणून तो उपटून काढण्याचे कारण नाही.

त्यावर ‘ऑक्स’ असे लिहिलेले छिद्र असेल, तर साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची तार पुरते. कॅसेटची सोय असेल, तर युक्ती अधिक सुंदर आहे. कॅसेटच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये फितीऐवजी छोटे हेड असते. फोनकडून येणारा प्रवाह त्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि रेडिओच्या हेडला समोर फीतच सरकत असल्याचा भास होतो! 1963 साली फिलिप्सने आणलेल्या कॅसेटचा हा पुनर्जन्मच म्हणा ना.

दोन्ही नसेल, तर एफ.एम. ट्रान्समीटर. सिगारेट-लायटरच्या जागी तो बसतो, ब्लूटूथने गाणे घेतो आणि 87.5 ते 108 मेगाहर्ट्झमधील मोकळ्या जागी क्षीण लहरींनी सोडतो. बऱ्हाणपूरहून निघताना गाणे स्वच्छ ऐकू येते. असीरगड मागे पडून इंदूर जवळ आले, की तिथली बलवान केंद्रे त्यावर कुरघोडी करतात. मग नवी जागा शोधावी लागते. ते काम शेजारी बसलेल्याने करावे. घाटात चालकाचा हात चक्रावरच हवा.

कुणी डॅशबोर्ड खोलून तारा कापू लागला, तर मात्र त्याला थांबवा. पिवळ्या वेष्टणातल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात.